साडेबारा पौंडांची हवा

बारा वाजणे हा वाक्प्रचार आपल्याला नवीन नाही. लंडनच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा मंडळींचे मात्र २०२३ च्या ऑगस्टमध्ये साडेबारा वाजले. त्या महिन्याच्या २९ तारखेपासून शहराच्या हद्दीत कुठेही, ठरवून दिलेल्या मानकात न बसणारी गाडी रस्त्यावर आणली की दिवसाचे साडेबारा पौंड भरायचे, असा नियम लागू झाला. तेव्हाच्या भावाने साधारण तेराशे रुपये. रोज. चोवीस तास, वर्षाचे ३६४ दिवस. सुट्टी फक्त नाताळची. या योजनेचं पूर्ण नाव अल्ट्रा लो एमिशन झोन. इथे ते पूर्ण नाव कुणी घेत नाही, सगळे 'युलेझ' म्हणतात आणि म्हणताना बहुतेकांच्या कपाळावर आठी पडते.

मी हॅरोला राहतो, लंडनच्या वायव्य टोकाला. मूळचा सांगलीचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, इथे येऊन अकरा वर्षं झाली. गेल्या दोन वर्षांत या एका विषयावर जेवढी भांडणं ऐकली, तेवढी भारत-पाकिस्तान मॅचवरही ऐकली नाहीत. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईहून नातेवाइकांचे फोन येतात तेव्हा सूर एकदम वेगळा असतो. "तुमच्याकडे बरंय, सरकारने मनावर घेतलं आणि हवा साफ करून टाकली." इथले म्हणतात लुटलं, तिकडचे म्हणतात जिंकलं. दोघांनाही अर्धीच गोष्ट माहीत असते, असं मला वाटतं.

लंडनचं आणि धुराचं नातं जुनं आहे. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, कोळशाचा धूर आणि धुकं यांची अशी काही गाठ पडली की माणसांना स्वतःचे पाय दिसेनात. त्या पाच दिवसांचे बळी सुरुवातीला ४,००० च्या आसपास मानले गेले. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला, घराघरांतल्या शेगड्यांमधला कोळसा गेला आणि लंडनची हवा दिसायला स्वच्छ झाली. 'दिसायला' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

माझे बाबा एसटीत होते. सांगली आगाराच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं मेकॅनिक. २०२४ च्या उन्हाळ्यात ते आणि आई दोन महिने आमच्याकडे आले होते. नातवाला शाळेत सोडायला बाबा रोज माझ्याबरोबर यायचे. शाळा हमरस्त्यालगत आहे, सकाळी गाड्यांची रांग लागलेली असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते फुटपाथवर थांबले, जाणाऱ्या गाड्यांच्या मागच्या बाजूकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धूर तर कुठं दिसत नाही रे. मग पैसे कसले घेतात?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. डिझेल इंजिन बिघडलंय हे एसटीत काळ्या धुरावरून कळायचं. नोझल गेलं, एअर फिल्टर चोंदला, पंपाचं सेटिंग हललं. धूर थांबला की गाडी बरी झाली. पण इथे ज्याच्यामागे सरकार लागलंय तो नायट्रोजन डायऑक्साइड रस्त्यावर डोळ्यांना दिसत नाही. हवेत नायट्रोजन असतोच. इंजिनाच्या आत प्रचंड उष्णता झाली की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नळीतून बाहेर पडतो. मी हे सांगितल्यावर बाबा विचारात पडले.

"म्हणजे इंजिन नीट तापून चाललं की हे जास्त होणार?"

"हो."

"आणि धूर कमी?"

"साधारण तसंच."

"मग आम्ही जन्मभर नुसता धूरच कमी करत बसलो की!"

आपल्या पीयूसी केंद्रातही डिझेल गाडीच्या धुराची घनताच मोजतात, हा वायू मोजत नाहीत. तेव्हा बाबांनी स्वतःला दोष देण्याचं काही कारण नव्हतं. आणि धुराचा पाठलाग करता करता दुसरीकडे फसायची पाळी फक्त एसटीवर आली असंही नाही. ब्रिटिश सरकारवरही आली, आणि तीही चांगल्या हेतूने.

२००१ साली इथे गाड्यांचा रस्ता-कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर ठरवायला सुरुवात झाली. कारण तापमानवाढ. पेट्रोलपेक्षा डिझेलची गाडी कमी इंधनात जास्त पळते, म्हणजे कार्बन कमी, म्हणजे कर कमी. लोकांनी साधा हिशेब केला आणि डिझेल घेतलं. दहा-बारा वर्षांत नव्या गाड्यांपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या झाल्या. सरकारनेच सांगितलं म्हणून घेतल्या, असं आमच्या शेजारचे गुजराती अंकल आजही रागाने म्हणतात आणि ते खोटं नाही. त्यातच २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता वायू कमी सोडणारं सॉफ्टवेअर जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवलं होतं. आमच्या धंद्याला लागलेला हा एक काळा डाग. असो.

युलेझ एका रात्रीत आला नाही. २००३ च्या फेब्रुवारीत केन लिव्हिंगस्टन महापौर असताना मध्य लंडनमध्ये गर्दीचा कर सुरू झाला, तेव्हा दिवसाला ५ पौंड. तो हवेसाठी नव्हता, वाहतूक कमी करण्यासाठी होता. युलेझची कल्पना पुढे बोरिस जॉन्सन महापौर असताना पक्की झाली. ती २०२० मध्ये लागू होणार होती. त्यांच्यानंतर आलेल्या सादिक खान यांनी ती अलीकडे ओढली आणि ८ एप्रिल २०१९ ला मध्य लंडनपुरती सुरू केली. २५ ऑक्टोबर २०२१ ला ती नॉर्थ आणि साउथ सर्क्युलर या दोन वळसा रस्त्यांपर्यंत पसरली आणि २९ ऑगस्ट २०२३ ला पार आमच्या दारापर्यंत आली.

नियम समजायला सोपा आहे. पेट्रोल गाडी युरो ४ मानकाची हवी, म्हणजे साधारण २००६ नंतरची. डिझेल गाडी युरो ६ ची हवी, म्हणजे साधारण २०१५ च्या सप्टेंबरनंतरची. गाडी या चौकटीत बसली तर एक पैसाही द्यायचा नाही. इथेच गमतीला सुरुवात होते. माझ्याकडे तेव्हा २००७ ची पेट्रोल गाडी होती. एका दाराचा रंग वेगळा, मागचा वायपर कायमचा झोपलेला. ती पास! शेजारच्या अंकलची २०१४ ची डिझेल, दर रविवारी शॅम्पूने धुतलेली, आत बसलं की नव्या सोफ्याचा वास. ती नापास! अंकल माझ्या गाडीकडे ज्या नजरेने बघायचे ती मी विसरू शकत नाही. शेवटी त्यांनी ती लंडनबाहेरच्या एका डीलरला विकली. म्हणजे तिचा वायू आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात जातो. या मुद्द्यावर योजनेच्या बाजूचे लोक फार बोलत नाहीत. भंगार योजनेत काही गाड्या पुढे मदत म्हणून युक्रेनला पाठवायची सोय झाली. तेवढाच काय तो दिलासा.

अंमलबजावणीची यंत्रणा माझ्या आवडीचा भाग, थोडक्यात सांगतो. कुठे नाका नाही, फाटक नाही, पावती फाडणारा माणूस नाही. खांबावर कॅमेरा. तो नंबर प्लेट वाचतो, गाड्यांच्या नोंदणीशी ताडून बघतो, पास की नापास एवढंच उत्तर येतं. नापास गाडीच्या मालकाने प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत पैसे भरले नाहीत तर घरी १८० पौंडांच्या दंडाचं पत्र. चौदा दिवसांत भरलं तर ९०. बाहेरच्या लंडनसाठी सुमारे २,७५० कॅमेऱ्यांची योजना होती. तांत्रिकदृष्ट्या यात नवल असं काहीच नाही. आपल्याकडे फास्टॅग आणि ई-चलान याहून गुंतागुंतीचं काम रोज करतात. अवघड गोष्ट कॅमेऱ्यापलीकडची आहे.

ती कळायला आमच्या भागातल्या डबेवाल्या काकूंकडे जावं लागेल. मूळच्या कोल्हापूरच्या, वीस वर्षांपासून इथे. एकट्या राहणारी पोरं, नुकतीच बाळंतीण झालेली एखादी मुलगी, आई-वडील आलेले असताना सुट्टी न मिळालेले आमच्यासारखे लोक, अशा सगळ्यांना काकूंचा डबा. रोजचे तीसेक डबे, आठवड्यातले पाच दिवस. ते पोचवायला २०१२ ची डिझेल व्हॅन. २०२२ च्या नोव्हेंबरात महापौरांनी विस्ताराची घोषणा केली, त्या संध्याकाळी काकूंनी मला फोन केला. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, जरा नंबर टाकून बघ." मी टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं.

हिशेब काकूंनीच केला, वहीवर नाही, तोंडी. आठवड्याचे साडेबासष्ट पौंड. वर्षाचे तीन हजारांवर. एका डब्यामागे ४० पेन्सपेक्षा जास्त. "अरे, पोळी-भाजीच्या डब्यात सुटतात किती? तेवढेच तर सुटतात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि मी काय हौसेनं फिरते का व्हॅन घेऊन? तीस डबे घेऊन बसमध्ये चढू?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवेच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांकडे तेव्हा ते नव्हतं. मोठ्या पगाराच्या माणसाने तीन वर्षांच्या हप्त्यांवर नवी गाडी घेतलेलीच असते, त्याला युलेझ आला काय अन् गेला काय. जुनी डिझेल व्हॅन असते ती प्लंबरकडे, सुताराकडे, रात्रीच्या नर्सकडे, डबेवाल्या काकूंकडे. प्रदूषणाचा त्रासही गरीब वस्त्यांनाच जास्त होतो हे खरं, पण पैसे भरायची पाळीही त्यांच्यावरच आधी येते.

सरकारने मदतीची योजना काढली होती. जुनी गाडी भंगारात काढा आणि अनुदान घ्या. ३० जानेवारी २०२३ ला ती सुरू झाली, रक्कम ११ कोटी पौंड. कारसाठी २,००० पौंडांपर्यंत, पण फक्त सरकारी भत्ते मिळणाऱ्या कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांना. व्हॅनसाठी छोट्या धंदेवाल्यांना सुरुवातीला ५,००० पौंड. काकू एकट्याने धंदा करणाऱ्या, त्यामुळे त्या बसत होत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही अर्ज भरला. विम्याची कागदं, धंद्याच्या पत्त्याचा पुरावा, बँकेचं स्टेटमेंट, सगळं स्कॅन केलं. मधेमधे काकू माझ्या हातात थालीपीठ देत होत्या, त्यामुळे माझ्या लॅपटॉपच्या काही बटणांना अजून तुपाचा वास येतो. अनुदान मिळालं. वरचे पैसे कर्ज काढून त्यांनी २०१७ ची व्हॅन घेतली. डबा एका पौंडाने महाग झाला. चार गिऱ्हाइकं गेली, त्यातली दोन परत आली.

ज्यांना मदत मिळाली नाही असे अनेक होते. अंकलना कुठलाही भत्ता मिळत नव्हता म्हणून ते सुरुवातीला बसत नव्हते. स्लाव किंवा वॉटफर्डला राहणारे तर लंडनच्या हद्दीबाहेरचे. पैसे भरायला लंडनचे, अनुदानाला परके. हीथ्रो विमानतळ हद्दीत येतो आणि तिथे रात्रपाळी करणारे आपले कितीतरी लोक स्लावला राहतात. दिवस मोजायचा तो मध्यरात्री ते मध्यरात्री. रात्री दहाला गाडी आत आणली आणि सकाळी सातला बाहेर काढली की दोन दिवस धरले, म्हणजे पंचवीस पौंड. घड्याळ ज्याने बनवलं त्याने रात्रपाळी कधी केली नसावी.

ओरड वाढली तेव्हा तिजोरी उघडली. रक्कम १६ कोटी पौंड झाली, व्हॅनसाठी ७,००० पौंड झाले आणि २१ ऑगस्ट २०२३ पासून जुनी गाडी असलेल्या सगळ्या लंडनकरांना अनुदान खुलं झालं. नंतर रक्कम २१ कोटींवर गेली. पण तारखा बघा. घोषणा नोव्हेंबरात, कर २९ ऑगस्टला आणि सगळ्यांसाठी मदत २१ ऑगस्टला. आठ दिवस! या योजनेबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार कुठली म्हणाल, तर ती ही आठ दिवसांची आहे. साडेबारा पौंडांची नाही. तीच मदत फेब्रुवारीत सगळ्यांना दिली असती, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

भांडणं झाली ती मात्र कडाक्याची. हॅरो, हिलिंग्डन, बेक्सली, ब्रॉम्ली आणि शेजारचा सरे परगणा, अशा पाच कौन्सिलांनी मिळून हायकोर्टात धाव घेतली. २८ जुलै २०२३ ला कोर्टाने महापौरांच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या शेजारच्या अक्सब्रिज मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. देशभर मजूर पक्षाची हवा असताना तिथे ते ४९५ मतांनी हरले आणि दोष युलेझवर गेला. ही जागा रिकामी झाली होती बोरिस जॉन्सन यांच्या राजीनाम्यामुळे, म्हणजे ज्यांच्या काळात युलेझ जन्माला आला त्यांच्याच. राजकारणात असं चालतंच. रात्री टोळकी कॅमेऱ्यांच्या वायरी कापत फिरू लागली. आमच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याला कुणीतरी काळा रंग फासला. तो पुसून झाल्यावर परत फासला.

त्याच वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले, युलेझनंतर बरोबर तीन आठवड्यांनी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आरतीच्या वेळांच्या खाली एक ओळ होती, 'येण्यापूर्वी गाडीचा नंबर तपासावा.' प्रसादाची मोठी पातेली आणायची कुणाच्या गाडीतून, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी माझ्या २००७ च्या खटाऱ्यातून मोदक आले. गाडीला तेवढा मान मिळालेला तो एकच दिवस.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

लुइशम भागात साउथ सर्क्युलर रस्त्यापासून जेमतेम पंचवीस मीटरवर एला अडू-किसी-डेब्रा नावाची मुलगी राहायची. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत पंचवीसपेक्षा जास्त वेळा तिला हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं आणि २०१३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या नवव्या वर्षी ती गेली. पहिल्या चौकशीत प्रदूषणाचा उल्लेखही नव्हता. तिची आई रोझमंड गप्प बसली नाही. तिने पुरावे जमवले, तो निकाल रद्द करून घेतला, दुसरी चौकशी मिळवली. डिसेंबर २०२० मध्ये तपास अधिकाऱ्याने निकाल दिला की एलाच्या मृत्यूला हवेचं प्रदूषण कारणीभूत होतं. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात हवा लिहिली गेली ती पहिल्यांदा. धोक्याची माहिती आईला कुणी दिली नव्हती, दिली असती तर कदाचित तिने घर बदललं असतं, असंही त्या निकालात आलं.

मला हे वाचणं जड जातं, कारण माझा मुलगा आता सात वर्षांचा आहे आणि त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात निळा पंप असतो. त्याचा त्रास एलाइतका नाही, देवाची कृपा. हिवाळ्यात, थंड आणि वारा नसलेल्या दिवशी, हमरस्त्याने चालत आलो की रात्री त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मागच्या गल्लीतून लांबच्या वाटेने आलो की बहुतेक येत नाही. तेव्हापासून आम्ही मागच्या गल्लीने जातो, बाबांनाही तीच वाट दाखवली. एका पोरावरून शहराचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. पण रात्री दोन वाजता ती शिट्टी ऐकत बसलेल्या माणसाला साडेबारा पौंड फार वाटत नाहीत. आणि सकाळी सहा वाजता तीस डबे भरणाऱ्या बाईला ते फार वाटतात. दोघं एकाच रस्त्यावर राहतात. योजना आखणाऱ्याला या दोघांनाही धरून चालावं लागतं.

फरक पडला का? आकडे आहेत. २०१७ मध्ये युलेझच्या मानकात बसणाऱ्या गाड्या ३९ टक्के होत्या. विस्ताराला वर्ष झाल्यानंतर ते प्रमाण ९६ टक्क्यांच्या वर गेलं. महापौर कार्यालयाचा वर्षपूर्तीचा अहवाल २०२५ च्या मार्चमध्ये आला. त्यानुसार रस्त्यालगतचा नायट्रोजन डायऑक्साइड, युलेझचे तिन्ही टप्पे नसते तर जितका असता त्यापेक्षा २७ टक्के कमी आहे. २०१७ मध्ये ब्रिक्स्टन रोडने अख्ख्या वर्षाची परवानगी असलेली मर्यादा ५ जानेवारीलाच ओलांडली होती. २०२४ मध्ये लंडन पहिल्यांदाच या वायूच्या कायदेशीर मर्यादेत बसलं.

पण मी इंजिनीअर आहे, आकडा दिसला की 'कशाच्या तुलनेत' हे विचारायची खोड आहे. इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये पहिल्या टप्प्याचा अभ्यास केला. योजना सुरू झाली त्याच्या आगेमागे काही आठवड्यांत हवा किती बदलली, हे त्यांनी पाहिलं. उत्तर आलं ३ टक्क्यांपेक्षा कमी. विरोधक तेच धरून बसले. मला दोन्ही आकडे एकाच वेळी खरे वाटतात. कर लागू झालेल्या रात्री काही जादू होत नाही, लोक गाड्या बदलायला लागतात ते घोषणा झाल्यापासून. काकूंची जुनी व्हॅन २९ ऑगस्टच्या कितीतरी आधीच रस्त्यावरून गेली होती. त्या तारखेच्या आगेमागे मोजलं तर ती हिशेबात येणारच नाही. त्याच काळात जुन्या डिझेल बस गेल्या, नव्या गाड्या आल्या, साथीनंतर लोकांचं घरून काम वाढलं. सगळं श्रेय कॅमेऱ्यांना देणं जितकं चूक, तितकंच सगळं नाकारणंही. आणि कायद्याची मर्यादा हवेच्या घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १० ची. लंडन पास झालंय ते पस्तीस टक्क्यांवर, डिस्टिंक्शन अजून लांब आहे. टायर आणि ब्रेक झिजून उडणारी बारीक धूळ तर इलेक्ट्रिक गाडीनेही थांबत नाही.

बसबद्दल एक सांगायलाच हवं. विस्ताराबरोबर बाहेरच्या उपनगरांना एकमेकांशी जोडणाऱ्या जलद बस आल्या, नाव 'सुपरलूप'. पूर्वी हॅरोहून मध्य लंडनला जाणं सोपं होतं, पण शेजारच्या उपनगरात जाणं कटकटीचं. आता हॅरोहून हीथ्रोला एसएल ९ जाते, नॉर्थ फिंचलीला एसएल १०. तिकीट पाऊण-एक पौंड नाही, पण २०२५ मध्ये पावणेदोन पौंड होतं, आणि तासाभरात बस बदलली तर तेच तिकीट चालतं. बाबांना ही बस फार आवडली. ते वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढे बसायचे आणि ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते ऐकायचा प्रयत्न करायचे. "गिअरच नाही ह्याला," हे कळल्यावर थोडे हिरमुसले.

परत जायच्या आदल्या रात्री त्यांनी विचारलं, "आपल्याकडं होईल का रे असं?" मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ च्या मार्चमध्ये आला, त्यात २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं उद्दिष्ट आहे. वाचायला चांगला दस्तऐवज आहे. पण कुठली गाडी, कुठल्या तारखेपासून, किती रुपये आणि ज्याला परवडणार नाही त्याला काय, या चार प्रश्नांची उत्तरं मला त्यात हवी तशी सापडली नाहीत. बाबा गेले त्यानंतर काही आठवड्यांनी, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. तो टोल उड्डाणपुलांसाठीचा होता, हवेसाठीचा नव्हता. तरीही विधानसभेच्या निवडणुकीआधी गाडीवाल्यांकडून पैसे घेणं बंद करणं किती सोपं आणि सुरू करणं किती अवघड, हे कळायला तेवढं पुरे. इथे सादिक खान यांनी निवडणुकीच्या आठ-नऊ महिने आधी ते सुरू केलं. मे २०२४ मध्ये त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने पहिल्याच दिवशी विस्तार रद्द करायचं वचन दिलं होतं. तरी खान तिसऱ्यांदा निवडून आले. जुलैत अक्सब्रिजही मजूर पक्षाकडे गेलं. आमच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याला आता कुणी रंग फासत नाही.

बाबांच्या प्रश्नाला मी तेव्हा म्हणालो, "आधी बस हव्यात, बाबा. मग बाकीचं." ते म्हणाले, "बस आहेत की. डेपोत उभ्या आहेत, स्पेअर नाहीत म्हणून."

ज्यांचे आई-वडील या उन्हाळ्यात लंडनला येणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. भाड्याच्या गाड्या बहुधा मानकात बसतात, पण लेस्टर-बर्मिंगहॅमहून जुनी डिझेल गाडी घेऊन कुणी न्यायला येणार असेल, तर आधी टीएफएलच्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या अधिकृत संकेतस्थळावर नंबर टाकून बघा. पैसेही तिथेच भरा, वरचं कमिशन घेणारी नकली दुकानं बरीच आहेत. आणि विमान रात्री उशिराचं असेल, तर गाडी बारा वाजून गेल्यावरच हद्दीत आणायला सांगा. एकाच दिवसाचे पैसे लागतील.